भुऱ्याचं खोकं

सत्यशीलाबाई ओव्हाळांना कुत्री आवडत नाहीत, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढचं ऐकून कुणालाही वाटायचं, काय बाई माया! माया कसली डोंबलाची. वारज्याच्या घरात इतकी वर्षं कुत्रा होता, पण बाईंनी त्याला सोफ्यावर चढू दिलं नाही, स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडू दिला नाही, आणि हात तर कधी लावलाच नाही. कुत्रा त्यांच्या मिस्टरांचा, दिगंबररावांचा. बाईंचा संबंध एवढाच, की त्याचे केस झाडून काढायचे आणि झाडता झाडता दोघांचाही उद्धार करायचा.

आणि तोच कुत्रा, मेलेला, पेंढा भरलेला, लाकडी खोक्यात बंद करून, जर्मनीहून दुबईमार्गे पुण्याला एकटीनं घेऊन यायची पाळी त्यांच्यावर आली होती. विमानतळावर पट्ट्यावरून बॅगा फिरत होत्या. बाकीच्यांचं सामान येत होतं, जात होतं. बाईंचं खोकं सगळ्यात शेवटी आलं, तेही उलटं. 'ही बाजू वर' असं लिहून बाण काढलेला होता, तो खाली बघत होता.

"काकू, यात काय टीव्ही आहे का?" खोकं ढकलगाडीवर चढवू लागणाऱ्या एका सहप्रवाशानं विचारलं.

"नाही. कुत्रा."

तो हसला. पुढे होऊन म्हणाला, "चला, इकडून हिरव्या बाजूनं चला. कुणी विचारत नाही."

"विचारत नाहीत म्हणून सांगायचं नाही का?" बाई म्हणाल्या आणि गाडी सरळ कस्टमच्या लाल बाजूला, आणलेलं सांगून जाणाऱ्यांच्या वाटेला, वळवली.

आता याला काय म्हणायचं? सगळं विमान हिरव्या बाजूनं सुळकन बाहेर पडलं. कुणाच्या बॅगेत काय होतं ते त्यांचं त्यांना ठाऊक. आणि ही बाई ज्या वाटेला चिटपाखरू नाही त्या वाटेला. पण त्याला कारण होतं. सत्यशीलाबाईंची निम्मी नोकरी जकात नाक्यावर गेलेली. आताच्या पोरांना नाका माहीत नाही. पूर्वी शहरात माल आणला की वेशीवर महापालिकेला जकात भरावी लागायची, आणि ती घ्यायला नाक्यावर माणसं बसलेली असायची. त्यातल्या एक या. मंडईकडे निघालेले टेम्पोवाले अलीकडच्या टपरीवर आधी चौकशी करायचे, "आज बाई आहेत का?" बाई असल्या तर निमूट पावती फाडायचे, नाहीतर पाळी बदलेपर्यंत चहा पीत बसायचे. सख्ख्या दिराच्या लग्नातलं कपाट बाईंनी पावतीशिवाय आत सोडलं नव्हतं. दीर अजून ते काढतो. बाईंचं म्हणणं एकच असायचं, "आणलंय ना? मग सांगा. सांगायला काय जातं?"

तर त्या सांगायला गेल्या. लाल बाजूच्या टेबलाशी कुणीही नव्हतं.

"अहो, कुणी आहे का? दुकान उघडंय का बंद?"

बऱ्याच वेळानं एक तरुण अधिकारी चहाचा कप घेऊन आला. छातीवरच्या पट्टीवर वरद असं नाव होतं. इकडे कुणी आपण होऊन येतं, याचंच त्याला नवल वाटलेलं दिसलं.

"काय आहे काकू?"

"कुत्रा."

"जिवंत?"

"नाही."

त्यानं कप खाली ठेवला. "मग?"

"मेलेला. पेंढा भरलाय. घरचाच आहे. विकायचा नाही. डॉक्टरांचे कागद वरच चिकटवलेत."

वरदनं कागद बघितले, खोकं बघितलं, बाईंना बघितलं. मग आत जाऊन दुसऱ्या एका साहेबांना घेऊन आला. त्या साहेबांनी कागद उलटा-सुलटा केला. "पेंढा म्हणालात. पेंढा म्हणजे गवत. परदेशी गवत म्हणजे शेतीचा माल. त्याची परवानगी वेगळी लागते."

"अहो, आपल्याकडे म्हणायची पद्धत आहे हो. आत फोम आहे, फोम! गादीत असतो तसला."

"असं कसं? तुम्हीच पेंढा म्हणालात."

बाईंनी कपाळाला हात लावला. नाक्यावर एक म्हातारा पोत्यात 'जरा भुसा आहे' म्हणाला होता, तेव्हा त्यांनीही त्याला असंच धरलं होतं. भुसा म्हणालात ना, मग भुशाची पावती. पण तेव्हा टेबलाच्या आतल्या बाजूला त्या होत्या. आतल्या बाजूनं सगळं बरोबरच दिसतं.

शेवटी ठरलं की गवत नाही. मग प्राणी. प्राणी म्हटल्यावर प्राण्यांच्या डॉक्टरांनी बघायला पाहिजे. डॉक्टर कुठे? डॉक्टर दुसरीकडे तपासणीला गेलेत. कधी येतील? येतील. येतील म्हणजे? येतील म्हणजे येतील. आणि खोकं उघडायला पाहिजे. उघडायला पेचकस पाहिजे. पेचकस ज्याच्याकडे असतो तो माणूस जेवायला गेलाय. सकाळी जेवायला? नाश्त्याला.

"म्हणतात ना, भीक नको पण कुत्रं आवर," बाई खुर्चीत बसत म्हणाल्या. "माझं उलटंच झालंय. भीकही नाही, आणि कुत्रंही माझ्याच गळ्यात."

आता हे कुत्रं गळ्यात पडलं कसं, ते ऐका.

भुऱ्या गावठी कुत्रा. मातकट रंगाचा, उजवा कान मोडून खाली लोंबणारा. दिगंबरराव खडकीच्या कारखान्यात फिटर होते. तिथल्या फाटकाशी सापडलेलं ते पिल्लू डब्याच्या पिशवीतून घरी आलं. निवृत्त झाल्यावर तर काय, दोघांना रानच मोकळं झालं. रोज संध्याकाळी स्कूटरवर पुढे पायाशी भुऱ्या उभा, मागे दिगंबरराव, आणि स्वारी खडकवासल्याला. धरणाच्या भिंतीशी बसायचं, कणीस खायचं, अर्धं भुऱ्याला द्यायचं. बाई म्हणायच्या, "मला एवढ्या वर्षांत कधी कणसासाठी नेलं नाहीत." ते म्हणायचे, "तू स्कूटरवर पुढे उभी राहशील का?"

मग चेतन, एकुलता एक मुलगा, नोकरीसाठी जर्मनीला गेला. पहिल्याच हिवाळ्यात पोरगं खचलं. फोनवर बोलेना, जेवेना. दिगंबरराव दोन रात्री झोपले नाहीत, आणि मग एक दिवस प्लायवूड घेऊन आले. भुऱ्यासाठी विमानात चालेल असं खोकं स्वतः बनवलं. चारी बाजूंना भोकं पाडली. ती पुरतात का हे बघायला स्वतः डोकं आत घालून, वर चादर टाकून, श्वास घेत बसले. "पोरगं एकटं आहे," म्हणाले. "भुऱ्या असला म्हणजे त्याला रोज बाहेर तरी पडावं लागेल." त्या दिवशी विमानतळावरून परत येताना हा माणूस सगळा रस्ता खिडकीबाहेर बघत होता. पुढे खडकवासल्याला जाणंच सुटलं. स्कूटर जिन्याखाली धूळ खात पडली.

पण रविवार मात्र पक्का. दर रविवारी व्हिडिओ कॉल. आधी भुऱ्या, मग चेतन, मग चेतनची बायको दीपाली. काही महिन्यांपूर्वी दिगंबररावांची बायपास झाली. त्यांना दवाखान्यातून घरी आणलं त्याच आठवड्यात तिकडे भुऱ्या गेला. वय झालं होतं, झोपेतच गेला. इकडे डॉक्टरांनी बजावलेलं, यांना धक्का बसेल असं काही बोलू नका. म्हणून चेतननं सांगितलं नाही. इथवर ठीक. कुणीही असंच केलं असतं. पण या दिवट्यानं पुढे काय करावं? तिकडे म्हणे एक बाई असले प्राणी भरून देते. तिच्याकडून भुऱ्याला भरून आणलं. झोपलेला, पुढच्या पायांवर मान टेकलेला. आणि दर रविवारी हीटरजवळ मांडून बापाला दाखवायला लागला. "झोपलाय बाबा. थंडी आहे ना, फार झोपतो हल्ली." इकडे दिगंबरराव समाधानानं मान डोलवायचे.

बाईंनाही यातलं काही ठाऊक नव्हतं. दीपालीच्या बाळंतपणाला त्या तिकडे गेल्या, तेव्हा दारातच भुऱ्या आडवा. बाईंच्या दोन्ही हातांत पिशव्या. "ऊठ मेल्या, बाजूला हो," त्या म्हणाल्या, आणि चेतनचा चेहरा खर्रकन उतरला. मग कळलं. जो काही तमाशा झाला तो झाला, पण ओली बाळंतीण घरात, बोलणार किती? बाईंनी एक मात्र केलं. रविवारी फोन लागला की त्या बाळाला घेऊन गॅलरीत जाऊन उभ्या राहायच्या. "मी खोटं बोलणार नाही आणि तुझं खोटं उघडं पाडायला या वेळेला माझी जीभ रेटत नाही," त्या चेतनला म्हणाल्या. "पण हे असं चालायचं नाही. मी जाताना याला घेऊन जाणार. त्यांच्यासमोर ठेवणार आणि सांगणार. कुत्रा त्यांचा आहे. तो गेला हे त्यांना कळायला पाहिजे."

चेतन सुटल्यासारखा म्हणाला, "हो आई. तूच सांग. समोरासमोर बरं पडेल." त्याला काय, निस्तरायला आई आहेच.

तर आता त्या इथे बसल्या होत्या, पेचकसाची वाट बघत. फोन चालू केला तर चेतनचा निरोप आलेला. 'आई, सॉरी. बाबांनी काल विचारलं भुऱ्या का दिसत नाही. माझ्या तोंडून निघून गेलं की आईबरोबर पाठवलाय. खूप खूश झालेत. ते एअरपोर्टवर येणार आहेत. प्लीज सांभाळून घे.'

"गाढवा!" बाई एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या की वरदनं वळून बघितलं. "तुम्हाला नाही हो. तुमचं पुढे बघू."

लगेच दिगंबररावांचा फोन. हा माणूस एरवी फोनवर दोन शब्दांच्या वर बोलत नाही. आज नुसता धबधबा. "जय भीम! उतरलीस ना? मी आलोय बाहेर. भाड्याची गाडी केलीय. म्हटलं, त्याला रिक्षाचा आवाज सोसायचा नाही एवढ्या दिवसांनी. साखळी आणलीय. पाण्याचं भांडं आणलंय. शेजारच्या खातूनभाभींनी कलेजी उकडून दिलीय, मीठ न घालता. कुठे अडकलात? त्याला कागदपत्रांचं काही विचारतायत का?"

"विचारतायत," बाई म्हणाल्या. ते खरंच होतं.

"विचारू दे, विचारू दे. मी बसतो कठड्यावर. घाई करू नकोस. आणि हे बघ, त्याला आधी पाणी पाज."

बाईंनी फोन ठेवला. चिडायला चेतन लांब, आणि समोर हे लचांड. घरी बसवून, चहा देऊन, हळूहळू सांगू असं त्यांनी विमानभर ठरवत आणलं होतं. वाक्यंसुद्धा जुळवली होती. आता बाहेर तो माणूस साखळी घेऊन उभा. छातीवरचा व्रण अजून ओला म्हणावा असा. या खोक्यासकट बाहेर पडलं आणि तिथल्या तिथेच काही झालं तर? आणि नाही झालं, तरी चेतनचं तोंड तो पुन्हा बघेल का? बापानं काळजाचा तुकडा काढून दिला, आणि मुलानं काय केलं, तर बापालाच महिनोन्महिने बाहुली दाखवली.

पेचकस आला. खोकं उघडलं. आतलं कापड बाजूला केल्यावर वरद एक पाऊल मागे सरकला. भुऱ्या मान टेकून झोपलेला. विमानात इतकं आदळूनही झोपमोड न झालेला.

"एकदम खरा वाटतो हो," वरद म्हणाला.

"खराच आहे," बाई म्हणाल्या.

मोठ्या साहेबांनी घड्याळ बघितलं. मग आवाज जरा मऊ करून म्हणाले, "हे बघा बाई, तुमचं वय झालंय, लांबून आलाय. डॉक्टर केव्हा येतील सांगता येत नाही, आले तरी काय म्हणतील सांगता येत नाही. एक सोपा मार्ग आहे. हे इथंच सोडून द्या. एक सही करा. आम्ही याची विल्हेवाट लावतो. तुम्ही पाच मिनिटांत मोकळ्या."

बाई तोंड उघडून 'लेखी द्या' म्हणणार, एवढ्यात त्यांच्या डोक्यात लख्ख उजाडलं. सही करायची, रिकाम्या हातानं बाहेर जायचं आणि सांगायचं, 'अहो, भुऱ्याला आत ठेवून घेतलं. तपासणीसाठी.' दोन दिवसांनी सांगायचं, 'तिथं आजारी पडला. म्हातारा होता, सोसलं नाही.' कोण खोटं म्हणणार? सरकारी माणसांनी अडवलं म्हटलं की पुण्यात कुणाचाही विश्वास बसतो. दिगंबररावांना हळूहळू, आठवड्याभरानं कळेल. चेतनचं पाप झाकलं जाईल. दोष जाईल सरकारवर. सरकारला काय, एक शिवी जास्त.

इतका सोपा रस्ता बाईंना जन्मात कुणी दाखवला नव्हता. नाक्यावर भलेभले असले रस्ते घेऊन यायचे, त्यांना त्यांनी हाकलून लावलं होतं. पण तेव्हा पलीकडे कुणाचं काळीज नव्हतं, नुसती पोती होती.

"द्या पेन," सत्यशीलाबाई म्हणाल्या.

साहेबांनी पेन दिलं. वरदनं कागद सरकवला. आणि फोन वाजला.

"अगं," दिगंबरराव म्हणाले, "मी म्हटलं, तो घाबरला असेल. इतका वेळ कोंडून ठेवलाय, सगळी अनोळखी माणसं. तू तर त्याला हात लावणार नाहीस, मला ठाऊक आहे. फोन त्याच्या कानाला लाव. माझा आवाज ऐकला की शांत होईल."

"अहो, आता इथं कुठे..."

"लाव गं. एक मिनिट. लावते म्हण."

"लावते," बाई म्हणाल्या.

आता दुसरी कुणी असती तर फोन हातात धरून म्हणाली असती, लावला. कुणाला दिसतंय? पण या बाईच्या हाडातच ते नाही. लावते म्हणाल्या, म्हणजे लावायला पाहिजे. त्या खोक्याशी गुडघे टेकून बसल्या. गुडघ्यांनी कुरकुर केली. तोल जाऊ नये म्हणून एक हात भुऱ्याच्या पाठीवर टेकला. पहिल्यांदाच. केस मऊ होते, आणि खाली सगळं टणक. दुसऱ्या हातानं फोन त्याच्या कानाशी धरला.

"भुऱ्या," फोनमधून आवाज आला. "ए भुऱ्या. ए बाळा. अरे मी आलोय, बाहेरच आहे. घाबरायचं नाही हां. ती माणसं काही करत नाहीत, त्यांचं काम असतं. तुझी आई आहे ना तिथं. ओरडते, पण वाईट नाही. आज गाडी केलीय आपण. स्कूटर काढतो उद्या पुसून. जाऊ धरणावर. कणीस खाऊ. मी पण कितीतरी दिवस गेलो नाही रे. एकट्यानं काय जायचं."

वरद खाली बघायला लागला. साहेबांनी उगाचच एक कागद सरळ केला.

"अगं सत्यशीला," आवाज म्हणाला, "शेपटी हलवली का त्यानं?"

बाईंनी फोन आपल्या कानाला लावला. "मी बाहेर आले की बोलते," त्या म्हणाल्या. "तुम्ही सावलीत बसा. गोळी घेतलीत का? घ्या."

फोन ठेवला. उठायला वरदनं हात दिला. बाईंनी टेबलावरचं पेन उचललं आणि साहेबांच्या खिशाला परत अडकवलं.

"डॉक्टरांना बोलवा."

"अहो बाई, पण आताच तुम्ही..."

"आताच मी काय म्हणाले ते मला ठाऊक आहे. मेंदू जागेवर नव्हता. या कुत्र्याला महिनोन्महिने खोट्यात जगवलंय आमच्या घरानं. आता खोट्यातच मारायचा? तेही तुमच्या नावावर? डॉक्टर येईपर्यंत मी बसते."

"दुपार होईल."

"होऊ दे."

"आणि त्यांनी नाही म्हटलं तर?"

"तर का नाही ते लेखी द्या. सही-शिक्क्यानिशी. मी वाचल्याशिवाय हलणार नाही, आणि मला सावकाश वाचायची सवय आहे."

लेखी म्हटल्यावर साहेब आत गेले ते फोन करायलाच. डॉक्टर सुदर्शन नावाचे गृहस्थ आले, तेव्हा दुपार झालीच होती. घामाघूम, हातात जेवणाचा डबा. त्यांनी बॅटरी मारून भुऱ्याचे डोळे, नाक, पोटाची शिवण सगळं बघितलं, कागदांवरचा मजकूर दोनदा वाचला.

"सगळं रीतसर आहे," ते म्हणाले. "पण काकू, मला एक सांगा, हे कशाला आणलंत एवढ्या लांबून?"

"मालकाला द्यायचाय," बाई म्हणाल्या. "बाहेर बसलेत."

डॉक्टरांनी शिक्का मारला. वरदनं खोक्याचं झाकण बसवून दिलं, आणि ढकलगाडी दारापर्यंत स्वतः ढकलली.

दिगंबरराव कठड्यावर बसले होते. इस्त्रीचा शर्ट, एका हातात साखळी, मांडीवर डबा, पायाशी पाण्यानं भरलेलं भांडं. बाई दिसल्याबरोबर उठले आणि भराभरा पुढे आले, बायपासनंतर पहिल्यांदाच इतके भराभरा. बाईंकडे बघितलंही नाही. खोक्याशी वाकले.

"भुऱ्या! आलो रे, आलो. उघडतो हां."

एका बाजूवरून त्यांनी हात फिरवला. मग दुसऱ्या. मग गाडीला वळसा घालून मागची बाजू चाचपली. फिटरचा हात तो, बोटांनी बघणारा. सगळ्या बाजू झाल्यावर हात थांबला.

"सत्यशीला," ते म्हणाले, "याला भोकं नाहीत."

विमानात जुळवलेल्या वाक्यांतलं एकही बाईंना आठवलं नाही.

"नाहीत," त्या म्हणाल्या. "आता लागत नाहीत हो."

दिगंबरराव तसेच वाकून उभे राहिले. बाईंनी त्यांचा दंड धरला आणि त्यांना कठड्यावर बसवलं. मग सांगितलं सगळं, एका दमात. झोपेत गेला. तुम्ही दवाखान्यातून नुकते आला होतात. त्रास झाला नाही त्याला. चेतननं भरून घेतला. रविवारी दाखवत होता तो हाच. मला तिकडे जाऊन कळलं. मीही इतके दिवस गप्प बसले. बोलताना त्यांची नजर नवऱ्याच्या छातीवर होती, शर्टाच्या बटणांवर, श्वास होतोय ना.

श्वास होत होता. "उघड," दिगंबरराव म्हणाले.

गाडीच्या ड्रायव्हरकडून पेचकस मागून आणला. झाकण निघालं. दिगंबररावांनी बराच वेळ बघितलं. मग भुऱ्याच्या उजव्या कानाला बोट लावलं. त्या भरणाऱ्या बाईनं आपल्या परीनं चांगलंच काम केलं होतं. मोडका कान सरळ करून, डाव्यासारखाच ताठ उभा बसवला होता.

"हा मला रविवारी दिसायचा उभा," ते म्हणाले. "मला वाटलं, तिकडचे डॉक्टर चांगले असतात. कान बरा केला असेल."

बाईंना इतका वेळ आवरून धरलेलं रडू तिथे फुटलं. आणि रडू आलं की त्यांना राग येतो. "त्या चेत्याला मी सोडणार नाही," त्या म्हणाल्या. "अक्कल नावाची चीज नाही. घरी पोचू दे, असा सोलते फोनवर..."

"राहू दे. तान्हं बाळ आहे त्याच्या घरात."

"असू दे! बाळाचा बाप झाला म्हणून..."

"सत्यशीला, राहू दे. उद्या मी बोलेन त्याच्याशी. आज नको."

ड्रायव्हर मघापासून घड्याळ बघत होता. तो पुढे झाला. "काका, खोकं डिकीत टाकू का? बॅगा वर बांधतो."

"डिकीत?" सत्यशीलाबाई एकदम कडाडल्या. "भुऱ्या कधी डिकीत बसलाय का? बॅगा टाक डिकीत. खोकंही टाक, रिकामं."

आणि ज्यांनी त्याला कधी सोफ्यावर चढू दिलं नाही, त्या बाई मागच्या सीटवर बसल्या आणि म्हणाल्या, "द्या इकडे." दिगंबररावांनी तो त्यांच्या मांडीवर ठेवला आणि शेजारी बसले. गाडी निघाली. साखळी त्यांच्या खिशात होती, डबा पायाशी तसाच बंद.

सिग्नलला गाडी थांबली तेव्हा दिगंबररावांनी तो उजवा कान खाली वळवून बघितला. वळेना. तुटेल म्हणून जोर केला नाही. मग त्यांनी त्या कानावर आपला तळहात पालथा ठेवला, म्हणजे तो उभा दिसेना. वारजे येईपर्यंत त्यांनी हात काढला नाही.